खाडा कापा, दंड लावू नका

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट स्पर्धांचे संयोजक, संघमालक व मंडळांचे पदाधिकारी यांस,

विषय : मानधनासाठी अडून बसणाऱ्या नामांकित खेळाडूंना दंड करण्याच्या कलमाबाबत

स. न. वि. वि.

मानधन वाढवून मिळेपर्यंत शिबिराला न येणाऱ्या खेळाडूला दिवसाला पाच हजार रुपये दंड करावा, असं कलम करारपत्रात घालण्याची भाषा संघमालकांच्या बोलण्यात येऊ लागली आहे. त्यामागची चिडचिड आम्हाला समजते. पहिल्या नंबरचा चढाईपटू फोन उचलत नाही, प्रायोजकाचे बॅनर त्याच्या फोटोसह सात रस्ता चौकात लागलेले असतात, आणि मंगळवेढ्याहून एसटीने रोज येणारी पोरं मॅटवर त्याची वाट पाहत उभी असतात. तरीही हे कलम घालू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी काय करता येईल, ते आकड्यांसह मांडतो.

सोलापूर हे गिरण्यांचं गाव. खाडा आणि दंड यांतला फरक इथे कुणाला शिकवावा लागत नाही. कामावर गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी नाही, हा खाडा. मजुरी तर गेलीच, वर मालकाने आणखी काही कापलं, तर तो दंड. खाड्याबद्दल कामगाराने कधी फारशी तक्रार केली नाही. भांडणं झाली ती दंडावरून, आणि म्हणूनच १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला वेसण घातली. त्या वेतनकालावधीच्या मजुरीच्या ३ टक्क्यांहून जास्त दंड करता येत नाही, १५ वर्षांखालच्याला दंड करता येत नाही, दंडाआधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि वसूल झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी लागते. गैरहजेरीची कपात मात्र जेवढे दिवस गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या नव्या वेतन संहितेतही ३ टक्क्यांची मर्यादा कायम आहे.

हंगामी मानधनावर खेळणारा खेळाडू या कायद्याच्या व्याख्येत बसेलच असं नाही. पण मोजपट्टी म्हणून ती हातात धरून पाहा. समजा, स्टार खेळाडूचं हंगामाचं मानधन साठ हजार आहे. त्याचे ३ टक्के होतात १,८०० रुपये. आपण एका दिवसाला पाच हजार मागतो आहोत.

आता हाच पाच हजारांचा दर शिबिराच्या दिवसांनी गुणा. बारा दिवसांचं शिबिर, म्हणजे दंड साठ हजार. सगळं मानधन संपलं. तेराव्या दिवशी त्या खेळाडूला सोलापुरात पाय ठेवायचं कारणच उरत नाही, आणि नेमके त्याच दिवशी सामने सुरू होतात. बारा हजार मानधनावर घेतलेल्या राखीव खेळाडूचं तर तिसऱ्याच दिवशी पंधरा हजारांचं देणं होतं. घरच्या अडचणीने तीन दिवस न आलेल्या पोराला हे कलम संघाचा कर्जदार करून टाकतं. स्टारसाठी लिहिलेलं कलम करारपत्रात सगळ्यांनाच लागू असतं, याचा विचार झालेला दिसत नाही.

हा दंड वसूल कसा होणार, तेही पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत ‘वाजवी भरपाई’ देतं, लिहिलेला आकडा जसाच्या तसा देत नाही. खेळाडूला जबरदस्तीने मैदानात उतरवण्याचा आदेशही मिळत नाही, कारण व्यक्तीच्या अंगच्या कौशल्यावर उभे असलेले सेवेचे करार न्यायालय तसे अमलात आणत नाही. ‘पुढची दोन वर्षं दुसऱ्या संघाकडून खेळणार नाही’ अशी ओळ काही जण हौसेने घालतात. कराराची मुदत संपल्यावरही लागू राहणारी अशी बंदी कलम २७ खाली टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि परसेप्ट डी’मार्क यांच्यातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे स्पष्ट केलं आहे.

त्याहून मोठी अडचण वयाची. आपल्याकडचे कबड्डी आणि खो-खोचे कितीतरी चमकते खेळाडू कुमार गटातले, सोळा-सतरा वर्षांचे आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. वडिलांची सही घेतली की भागलं, हा गैरसमज आहे. अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने तिच्या वडिलांनी केलेला कामाचा करार मुंबई उच्च न्यायालयाने १९४९ सालीच अमान्य ठरवला होता. वेळापूरच्या एखाद्या सतरा वर्षांच्या खो-खोपटूला आपण दंडाची नोटीस पाठवली, तर कायद्याच्या दृष्टीने तो नुसता कागद आहे. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने मात्र ती धमकी असते, आणि पुढच्या वर्षी त्या घरातला धाकटाही आपल्या मंडळाकडे येत नाही.

दंडाच्या बाजूने बोलणारे परदेशातल्या व्यावसायिक खेळांचा दाखला देतात. तो नीट वाचायला हवा. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये २०२० च्या सामूहिक करारापासून, पहिल्या करारातून बाहेर पडलेला खेळाडू शिबिराला आला नाही तर दिवसाला ५०,००० डॉलर दंड होतो, आणि संघाला वाटलं तरी तो माफ करता येत नाही. पूर्वी समेट झाला की दंड माफ व्हायचा, त्यामुळे त्याचा धाक उरला नव्हता, म्हणून हे कडक केलं. पुढे झालं काय? २०२३ साली कॅन्सस सिटीचा ख्रिस जोन्स दंड डोक्यावर घेऊन घरी बसला. पहिल्या सामन्यालाही तो नव्हता, आणि त्याचा संघ डेट्रॉइटकडून २१-२० असा एका गुणाने हरला. चारच दिवसांत त्याला कामगिरीनुसार वाढीव रक्कम देणारा सुधारित करार मिळाला. सप्टेंबरात जे दिलं, ते जुलैत देता आलं असतं.

दुसरी गोष्ट, दंड करारबद्ध खेळाडूलाच होतो. पिट्सबर्गच्या ले’व्हिऑन बेलने २०१८ साली सहीच केली नाही. त्यामुळे त्याला एक डॉलरही दंड झाला नाही. पूर्ण हंगाम तो बसून राहिला आणि १ कोटी ४५ लाख डॉलरांवर पाणी सोडलं. डॅलसचा एमिट स्मिथ १९९३ साली असाच बिनकरार बसला होता. पहिले दोन्ही सामने संघ हरला, मग चार वर्षांचा करार झाला आणि त्याच हंगामात तो संघ विजेता ठरला. तेव्हा करार न झालेल्या खेळाडूला ‘अडून बसला’ म्हणणंच चूक आहे. सही नसताना शिबिरात गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार? परत उभं राहायला नऊ महिने ते वर्ष जातं. लिखित करार आणि दुखापतीचा विमा हातात नसताना सरावाला नकार देणारा खेळाडू शहाणा आहे, आणि त्याला सरावाला बोलावणारा संघ बेजबाबदार.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. दंड जड झाला, तेव्हा तिकडच्या खेळाडूंनी नवी वाट काढली. शिबिराला हजर राहायचं, पण संघासोबतच्या सरावात उतरायचं नाही. टी. जे. वॉटने २०२१ साली हेच केलं आणि हंगाम सुरू होता होता चार वर्षांचा ११ कोटी २० लाख डॉलरांचा करार मिळवला. हजेरीपटावर तो पूर्ण हजर होता. आपल्या कबड्डीत हे आणखी सोपं आहे. चढाईला जायचं, बोनस रेषेच्या अलीकडे तीस सेकंद रेंगाळायचं आणि परत यायचं. पकडीत कोपऱ्यावरच्या बचावपटूने पाय धरायला अर्धा क्षण उशीर केला, तर तो मुद्दाम केला की चुकून, हे पंचालाच काय, शेजारच्या कव्हरलाही (कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूलाही) सांगता येत नाही. दंड हजेरी मिळवून देईल. रिकाम्या चढाईवर कोणता दंड लावणार?

इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या संमतीशिवाय क्लबला दोन आठवड्यांच्या पगाराहून जास्त दंड लावता येत नाही. २०११ साली मँचेस्टर सिटीने कार्लोस तेवेझवर चार आठवड्यांच्या पगाराचा दंड मागितला, संघटनेने नकार दिला आणि दंड दोन आठवड्यांवर आला. तिथल्या दंडाला निदान कुणीतरी तिऱ्हाईत लगाम धरून आहे. आपल्याकडे दंड ठरवणारा, लावणारा आणि खिशात घालणारा एकच असतो.

आता दुसरी बाजू. जो रोज सकाळी साडेपाचला मैदानावर येतो, त्याच्यावर अन्याय होऊ नये, हा मुद्दा खरा आहे आणि आम्हाला तो मनापासून मान्य आहे. त्यासाठीच आम्ही खाड्याची पद्धत सुचवतो. हिशेब असा : सगळ्या मानधनाचे भाग पाडायचे. शिबिराचा एक दिवस म्हणजे एक भाग, एक सामना म्हणजे सहा भाग. बारा दिवसांचं शिबिर आणि आठ सामने धरले, तर १२ अधिक ४८ मिळून ६० भाग. साठ हजारवाल्याचा एक भाग हजार रुपयांचा, बारा हजारवाल्याचा दोनशेचा. शिबिराचा एक दिवस चुकला की एक भाग गेला, सामना चुकला की सहा. कुणालाही त्याच्या मानधनाच्या प्रमाणाबाहेर चटका बसत नाही, आणि कुणी फुकट पैसेही नेत नाही.

एकास सहा हे प्रमाण काही देवाने ठरवून दिलेलं नाही. खो-खोत एकास चार ठेवा, असं आमचं मत आहे. तिथे आक्रमणात आठ जण पाटीवर आणि एक धावता. खो देण्याघेण्याची लय सगळ्यांनी मिळून बसवावी लागते, म्हणून शिबिराच्या दिवसाची किंमत जास्त. कबड्डीतही डावा-उजवा कोपरा आणि त्यांचे कव्हर यांची साखळी एकत्र सरावाशिवाय जुळत नाही, चढाईपटूचं मात्र बरंचसं काम एकट्याने होतं. टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये शिबिर तीन-चार दिवसांचंच असतं, तिथे नुसते सामने मोजले तरी चालेल.

कापलेल्या भागांचे पैसे संघमालकाच्या खात्यात परत जाता कामा नयेत. ज्या राखीव खेळाडूने त्या दिवशी त्या जागेवर सराव केला किंवा सामना खेळला, त्याला ते द्यावेत. एवढी एक ओळ करारात घातली की मंगळवेढ्याच्या पोराची तक्रार मिटते. कपात करण्यात मालकाचा फायदाही उरत नाही, त्यामुळे स्टारला संशय घ्यायला जागा राहत नाही.

यावर एक आक्षेप येईल. पाच दिवस बसून पाच हजार गेले आणि मानधन पंधरा हजारांनी वाढलं, तर खेळाडू फायद्यातच राहिला की! बरोबर. पण ते पंधरा हजार दिले कोणी? वाढ द्यायची नसेल तर ठामपणे नाही म्हणा, आणि द्यायची असेल तर पहिल्याच दिवशी द्या. वाढ दिली तरी चुकलेल्या दिवसांना ती मागून लागू होणार नाही, असं मात्र लिहून ठेवा. संघाचं खरं बळ नकार देण्यात आहे. दंड लावून आठवड्याने माफ करणारा संघ ते बळ घालवून बसतो.

एका प्रसंगात आम्ही कडक आहोत. उपांत्य किंवा अंतिम सामन्याच्या सकाळी फोन बंद करून पैसे वाढवून मागणं ही अडवणूक आहे. निदान ४८ तास आधी लेखी न कळवता सामना सोडला, तर त्या सामन्याचे सहा भाग आणि भरपाई म्हणून आणखी सहा भाग कापावेत. साठ हजारांच्या करारात हे बारा हजार होतात. त्याहून जास्त नको. दवाखान्याचा कागद, घरातलं दुःख, खात्याने नाकारलेली रजा ही कारणं यातून वगळायची. पोलीस किंवा रेल्वेत नोकरीला असलेला खेळाडू रजा नसल्यामुळे आला नाही, तर त्याला अडून बसलेल्यांत मोजू नका. त्याच्या खात्याचं ना-हरकत पत्र सही घेण्यापूर्वीच मागवायला हवं होतं, आणि ते काम संघव्यवस्थापकाचं.

आता पैशांच्या वेळापत्रकाकडे येऊ, कारण मूळ दुखणं तिथेच आहे. बऱ्याच ठिकाणी खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशी थोडी उचल मिळते आणि बाकीचं ‘फायनल झाली की बघू’. फायनल होते, प्रायोजकाचा चेक येत नाही, बक्षिसाची रक्कम मंडप आणि लाइटवाल्याला जाते. पुढच्या हंगामात तोच खेळाडू शिबिराला येत नाही, आणि आपण म्हणतो त्याला माज आला. बांगलादेश प्रीमियर लीगमध्ये जानेवारी २०२५ मध्ये राजशाही संघाच्या खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला आणि परदेशी खेळाडू एका सामन्याला उतरलेच नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ मानधनाच्या नव्या रचनेवरून धरमशालेच्या सामन्यानंतर भारताचा दौरा अर्धवट सोडून गेला. बीसीसीआयने नुकसानभरपाई म्हणून सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर मागितले. खेळाडूंचा प्रश्न काही त्या आकड्याने सुटला नव्हता. जागतिक फुटबॉल संघटनेने (फिफाने) २०१८ पासून नियमच केला आहे : दोन महिन्यांचा पगार थकला आणि पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊनही मिळाला नाही, तर खेळाडू करार मोडू शकतो, दोष क्लबचा.

आमची सूचना अशी. सहीबरोबर २५ टक्के, शिबिराच्या पहिल्या दिवशी २५ टक्के, निम्मे सामने झाले की ३० टक्के, शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत उरलेले २० टक्के. साठ हजारांचे १५, १५, १८ आणि १२ हजार. सगळं बँकेतून, रोख नाही. कोणताही हप्ता ठरल्या तारखेनंतर सात दिवस थकला, तर तो मिळेपर्यंत खेळाडूचा एकही खाडा धरायचा नाही. आणि सही करून पंधरा हजारांची उचल घेतलेला खेळाडू एकही दिवस आला नाही, तर ती पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत. हाही दंड नाही, न केलेल्या कामाची उचल आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की उचल आणि तिचा हिशेब कुणाला समजावून सांगायला नको. संयोजकांनी याला एक जोड द्यावी. लिलावात बसण्याआधी प्रत्येक संघाने आपल्या एकूण मानधनाच्या निम्मी रक्कम स्पर्धेच्या वेगळ्या खात्यात भरलेली असावी. हे जमत नसेल त्या मालकाने संघ घेऊ नये.

करारात आकडा लिहिताना तो टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) धरून की वगळून, हे लिहा. साठ हजार ऐकलेल्या खेळाडूच्या खात्यात टप्प्याटप्प्याने चोपन्न हजारच आले की सहा हजार मंडळाने खाल्ले असं गावभर होतं. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र वेळेत हातात दिलं की हा वाद उठतच नाही.

मूळ किमतीला घेतलेला पोरगा हंगामात चमकतो आणि पुढच्या वर्षी त्याच भावात त्याला कायम ठेवलं जातं, तेव्हा तो अडणारच. लिलावाच्या पद्धतीत त्याला संघ निवडायचा हक्क नसतो, भाव बोलायचा हक्क नसतो. त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, न येणं. म्हणून वाढीचं कलम आधीच ठेवा. उदाहरणार्थ, साखळी सामन्यांत ठरलेल्या संख्येहून जास्त गुण मिळवले, तर पुढच्या हंगामात मानधन आपोआप २५ टक्क्यांनी वाढेल किंवा खेळाडू मोकळा होईल. पकड करणाऱ्यांसाठी यशस्वी पकडी मोजा, नाहीतर कोपरे आणि कव्हर कायम उपाशी राहतात. गुणपत्रक पंचांच्या सहीचं असावं.

इतकं करूनही वाद झाला, तर खेळाडूने मागणी लेखी द्यावी, संघाने ४८ तासांत समोर बसावं, आणि नाहीच जुळलं तर तिघांनी पाच दिवसांत निकाल द्यावा. एक खेळाडूचा माणूस, एक संघाचा, आणि त्या दोघांनी मिळून निवडलेला एक निवृत्त पंच. तोवर खेळाडूने सराव करायचा आणि वादातली वाढीव रक्कम संयोजकांच्या खात्यात ठेवायची. निकाल लागेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीही, मालकानेसुद्धा, अवाक्षर काढायचं नाही. अर्ध्याहून जास्त तडजोडी तिथल्या एका मेसेजने फिसकटतात, असं आमचं मत आहे.

जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उतरली की स्पर्धांचे दिवस येतात आणि मग कुणाला कागद वाचायला वेळ नसतो. दोन पानी करारपत्राचा नमुना, भागांचा हिशेब करणारा तक्ता आणि हप्त्यांच्या पावतीचा मसुदा आम्ही मराठीत तयार केला आहे. लिलावाच्या नियमांसाठी जी बैठक होईल, तीत आम्हाला अर्धा तास द्यावा. खेळाडूंचे दोन प्रतिनिधी, त्यातला एक राखीव खेळाडू, त्या बैठकीला बोलवावेत.

कळावे,

आपले,
सोलापुरातील काही पंच, प्रशिक्षक आणि संघव्यवस्थापक